शेतकऱ्याचे आयकर विवरणपत्र आणि चुकलेली तारीख

मुंबई-नागपूर लोहमार्गावर भुसावळ सोडून अकोल्याच्या दिशेने निघालेली गाडी मलकापूरनंतर नांदुऱ्यास येते. दोन्ही बाजूंस काळी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन. तीत कापूस, तूर, सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हा येथील नेहमीचा पेरा. तालुक्याच्या उत्तर अंगाने पूर्णा वाहते व तिच्यावरच जिगाव येथे मोठ्या धरणाचे काम हाती घेण्यात आले. शेतमालाच्या भावाची चर्चा जेथे जेथे चालते तेथे तेथे एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : शेतीला आयकर नाही. हे वाक्य खरे आहे. परंतु त्याला जोडूनच, "म्हणून शेतकऱ्याचा विवरणपत्राशी काही संबंध नाही," असे जे दुसरे वाक्य बोलले जाते ते मात्र खरे नाही. आणि त्यापायी अनेक कुटुंबांचा स्वतःचा पैसा सरकारी तिजोरीत अडकून राहतो. कर चुकविल्याचा दोष ज्यांच्याकडे मुळीच जात नाही, अशाच लोकांचे हे नुकसान होते, ही त्यातील विशेष खेदाची बाब होय.

शेतीच्या उत्पन्नाला ही मुक्ती पूर्वीपासून होती असे नाही. हिंदुस्थानात आयकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला, तेव्हा शेतीचे उत्पन्नही त्याच्या कक्षेत होते. १८८६ च्या अधिनियमाने ते वगळण्यात आले. पुढे राज्यघटनेनेही शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे व शेती उत्पन्नावरील कर राज्यांकडे अशी वाटणी केली. १९६१ च्या आयकर अधिनियमात कलम १० च्या पहिल्याच पोटकलमाने शेतीचे उत्पन्न एकूण उत्पन्नातून वगळले. त्या अधिनियमाच्या जागी २०२५ साली नवा आयकर अधिनियम संमत झाला व त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली. त्यापूर्वीच्या वर्षांच्या विवरणपत्रांना जुनाच अधिनियम लागतो. सबब येथे जे नियम दिले आहेत ते मुख्यतः सन २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे समजावेत.

शेतीचे कोणते, इतर कोणते

पुष्कळसा घोटाळा होतो तो याच ठिकाणी. आपण शेतकरी आहोत, म्हणून आपल्या घरात येणारा प्रत्येक रुपया शेतीचाच, अशी समजूत आढळते. कायदा मात्र रुपया कोणाच्या हातात आला हे पाहत नाही. तो कशातून आला हे पाहतो. जमिनीत पेरणी, मशागत करून काढलेले पीक, ते बाजारात नेण्याजोगे करण्यासाठी नेहमी करावी लागणारी मळणी-वाळवणी, शेतीसाठीच दिलेल्या जमिनीचा खंड, एवढेच नव्हे तर रोपवाटिकेत तयार केलेल्या रोपांची विक्रीदेखील शेतीच्या उत्पन्नात येते. म्हशींचे दूध, त्यापासून केलेला खवा, कोंबड्या, शेळ्या, दुसऱ्याच्या शेतात भाड्याने चालविलेला ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र, वीटभट्टीसाठी भाड्याने दिलेले शेत, आपोआप उगवलेल्या झाडांचे लाकूड यांचे उत्पन्न मात्र शेतीचे नव्हे. तूर विकली तर ते शेतीचे उत्पन्न. तीच तूर गिरणीत नेऊन डाळ करून विकली तर डाळ करण्याच्या धंद्याचा नफा वेगळा धरावा लागतो. कापसाची पट्टी बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली, तर मूळ रक्कम शेतीची, पण तिच्यावरील व्याज शेतीचे नाही.

व्याजाचा हा मुद्दा लहान वाटला तरी कर कापला जातो तो बहुधा येथूनच. बँक ठरावीक रकमेपेक्षा अधिक व्याज देताना उगमस्थानी कर कापून घेते. ही मर्यादा २०२४-२५ पर्यंत वर्षाला ४०,००० रुपये व ज्येष्ठ नागरिकांस ५०,००० रुपये होती. १ एप्रिल २०२५ पासून ती अनुक्रमे ५०,००० व १,००,००० रुपये झाली. कर दहा टक्क्यांनी कापला जातो. परंतु खातेदाराने पॅन दिलेला नसेल तर वीस टक्क्यांनी. पॅन आधारशी जोडलेला नसेल तर १ जुलै २०२३ पासून तो निष्क्रिय धरला जातो. तेव्हाही कपात वाढीव दराने होते आणि परतावा थांबतो. ज्याचे करपात्र उत्पन्न करमर्यादेच्या आत आहे त्याने वर्षाच्या आरंभीच बँकेला पंधरा-जी, किंवा वय साठ वर्षे वा अधिक असल्यास पंधरा-एच, हे घोषणापत्र भरून दिले असते तर कपात झालीच नसती. सन २०२५-२६ पर्यंत ही घोषणापत्रे याच नावांनी चालत आली. बँकेच्या खिडकीशी पाच मिनिटे थांबून जे काम होते, ते न केल्यामुळे पुढे विवरणपत्र, पडताळणी व परतावा असा लांबचा फेरा घ्यावा लागतो.

घरातील एखादा मुलगा शिक्षक वा कारकून असेल आणि शेतीही त्याच्या नावावर असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ साली केलेल्या शिफारशींनंतर १९७३ च्या वित्त अधिनियमाने अशी योजना केली की, इतर उत्पन्न करमर्यादेच्या वर असेल व शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, तर शेतीचे उत्पन्न केवळ दर ठरविण्यापुरते हिशेबात घ्यावयाचे. ही आकडेमोड एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सन २०२४-२५ मध्ये एका शिक्षकाचे पगाराचे करपात्र उत्पन्न प्रमाणित वजावटीनंतर ८ लाख रुपये व शेतीचे निव्वळ उत्पन्न २ लाख रुपये आहे. नव्या करपद्धतीत प्रथम १० लाखांवरील कर काढावयाचा. तो ५०,००० रुपये येतो. मग शेतीच्या २ लाखांत करमुक्त मर्यादेचे ३ लाख मिळवून ५ लाखांवरील कर काढावयाचा. तो १०,००० रुपये. हा वजा जाता देय कर ४०,००० रुपये, आणि त्यावर चार टक्के उपकर. शेती नसती तर हाच कर ३०,००० रुपये झाला असता. शेतीच्या दोन लाखांवर प्रत्यक्ष कर लागलेला नाही, पण पगार मात्र वरच्या पायरीवर गेला. शेतीचा रकाना कोरा ठेवणाऱ्या नोकरदाराला मागाहून जी सूचना येते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

अशा व्यक्तीने कोणता नमुना भरावा हेही येथेच ठरते. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा अधिक असेल तर सर्वांत सोपा असा पहिला नमुना चालत नाही. धंदा नसल्यास दुसरा नमुना घ्यावा लागतो. निव्वळ शेती उत्पन्न ५ लाखांच्या पुढे असल्यास त्यात जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की कोरडवाहू, हा तपशील मागितलेला असतो. सातबारा, आठ-अ व अडत्याच्या पट्ट्या जपून ठेवण्याची जुनी शिकवण येथे उपयोगी पडते. दुकानाचा किंवा दलालीचा नफा शेतीच्या रकान्यात लोटू पाहणाऱ्यालाही नेमका हाच तपशील अडवितो, आणि ते योग्यच आहे.

धरणात गेलेली जमीन व मोबदला

नांदुरा तालुक्यापुरते पाहता या विषयाचे खरे गांभीर्य भूसंपादनात आहे. जिगाव प्रकल्पात अनेक गावांची शेते व गावठाणे पाण्याखाली जावयाची असल्याने मोठ्या रकमा अशा कुटुंबांच्या हाती आल्या, ज्यांनी आयकराचा कागद कधी पाहिलेला नव्हता. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व आता ५३ म्हणून ओळखला जाणारा रस्ताही नांदुऱ्यावरून जातो. त्याच्या रुंदीकरणालाही जमिनी लागल्या.

२०१३ च्या भूसंपादन अधिनियमाच्या कलम ९६ प्रमाणे त्या अधिनियमाखाली झालेल्या निवाड्यावर किंवा करारावर आयकर लागत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ द्वारे ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली. महामार्ग अधिनियमाखालील संपादन असेल तर या कलमाच्या लाभाबद्दल वाद झालेले आहेत. म्हणून आपल्या निवाड्यावर कोणत्या अधिनियमाचे नाव आहे ते आधी वाचून घ्यावे. याखेरीज, शेतजमीन नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेशी दूर असेल तर ती मुळी करपात्र मालमत्ताच धरली जात नाही. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत लोकवस्तीच्या नगरपालिकेसाठी हे अंतर सरळ रेषेत दोन किलोमीटर आहे, आणि नांदुरा नगर परिषद याच वर्गात मोडते. म्हणजे शहराला लागून असलेले शेत व पूर्णाकाठचे शेत यांस कायदा एकाच मापाने मोजत नाही. मात्र शहरालगतची शेतजमीन सक्तीने संपादित झाली, व संपादनापूर्वीची दोन वर्षे मालक किंवा त्याचे आईवडील ती स्वतः कसत होते असे दाखविता आले, तर तिलाही सवलत आहे.

मोबदला करमुक्त असला तरी त्याच्यावरील व्याजाचे काय, हा प्रश्न उरतो. न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळविला की त्याबरोबर अनेक वर्षांचे व्याज एकदम येते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घनश्याम यांच्या प्रकरणात १८९४ च्या जुन्या अधिनियमाच्या कलम २८ खालील व्याज हा मोबदल्याचाच भाग मानला होता. त्यानंतर कायद्यात बदल होऊन असे व्याज ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी करपात्र धरावयाचे व त्यातून निम्मी रक्कम वजा द्यावयाची, अशी तरतूद आली. तिच्या अर्थाविषयी न्यायालयांत मतभेद झाले. पण वाद काहीही असो, कार्यालय पैसे देताना कर कापून मोकळे होते आणि कापलेला कर परत मागण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर येऊन पडते.

एका शेतकऱ्यास सन २०२४-२५ मध्ये असे ६ लाख रुपये व्याज मिळाले व त्यातून दहा टक्के म्हणजे ६०,००० रुपये कापले गेले असे गृहीत धरू. निम्मी वजावट जाता करपात्र राहतात ३ लाख. त्याचे दुसरे करपात्र उत्पन्न नसेल तर नव्या पद्धतीप्रमाणे कर शून्य. साठ हजार पूर्णपणे त्याचेच. एका पेरणीचे बियाणे-खत किंवा मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष त्यातून निघू शकेल. ते परत मिळण्याचा मार्ग एकच, विवरणपत्र. आणि त्याला मुदत आहे.

येथे आणखी एक नियम माहीत असावयास पाहिजे. उत्पन्न करमर्यादेच्या आत असले तरी काही प्रसंगी विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे. २०२२ सालापासून, वर्षभरात कापला गेलेला कर २५,००० रुपये किंवा अधिक असेल (ज्येष्ठ नागरिकांस ५०,०००), अथवा बचत खात्यांत वर्षभरात ५० लाख किंवा अधिक रक्कम जमा झाली असेल, तर ते भरावेच लागते. धरणग्रस्ताच्या बचत खात्यात मोबदल्याचे पन्नास लाख जमा झाले की तो, करपात्र उत्पन्न एक रुपयाही नसता, या नियमात बसतो. याची वार्ता त्याला सहसा कोणी देत नाही.

तारीख चुकली तर

सर्वसाधारण नोकरदार व शेतकरी यांच्यासाठी मूळ तारीख ३१ जुलै ही होती. सन २०२४-२५ पुरती ती प्रथम १५ सप्टेंबर २०२५ व नंतर आणखी एक दिवस वाढविण्यात आली. ती टळली तरी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत विलंबित विवरणपत्र भरता येत होते. त्यास विलंब शुल्क पडते : एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये व त्यावर असल्यास ५,००० रुपये. कर देणे बाकी असेल तर दरमहा एक टक्का व्याज वेगळे. वरील उदाहरणातील शेतकऱ्याने डिसेंबरात जरी अर्ज केला असता तरी एक हजार रुपये जाऊन त्याचे एकोणसाठ हजार हाती आले असते. उशिरा भरणाऱ्यास जुनी करपद्धती निवडता येत नाही, त्यामुळे घरकर्जाचे व्याज वा विम्याचे हप्ते दाखवून वजावट घेणाऱ्या नोकरदाराचे नुकसान शुल्काहून मोठे होऊ शकते. कुक्कुटपालनात तोटा आला असेल तर तो पुढील वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्कही मूळ तारीख पाळणाऱ्यालाच मिळतो.

३१ डिसेंबर ओलांडल्यावर मात्र परिस्थिती पालटते. २०२२ साली अद्ययावत विवरणपत्राची सोय निघाली व २०२५ मध्ये तिची मुदत करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. हे ऐकून "अजून चार वर्षे आहेत" असे कोणी सांगितल्यास शेतकऱ्याने त्यावर विसंबू नये. ही सोय कर भरावयाचा राहिला असेल त्याच्यासाठी आहे. त्याने कर, व्याज आणि त्यावर पहिल्या वर्षी २५, दुसऱ्या वर्षी ५०, मग ६० व ७० टक्के जादा रक्कम द्यावयाची. परतावा मागण्यासाठी हा दरवाजा उघडतच नाही. सरकारला द्यावयाचे असेल तर चार वर्षे, सरकारकडून घ्यावयाचे असेल तर डिसेंबरअखेर, असा हा हिशेब आहे. आणि तो न्याय्य आहे असे म्हणणे कठीण आहे.

तथापि, एक वाट शिल्लक राहते. अधिनियमाच्या कलम ११९ खाली विलंबमाफीचा अर्ज करता येतो. मंडळाच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रक क्रमांक ११ प्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज घेतला जातो, व एक कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीवर प्रधान आयकर आयुक्त किंवा आयकर आयुक्त यांना निर्णय देता येतो. विलंबाचे कारण खरे व सबळ हवे : दीर्घ आजार, घरातील मृत्यू, निवाड्याची अथवा कपातीची माहितीच उशिरा मिळणे. नुसते "माहीत नव्हते" एवढे लिहून भागत नाही. दवाखान्याचे कागद, कार्यालयाचे पत्र, रकमेच्या जमेची तारीख दाखविणारे पासबुक, कपातीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती जोडाव्या लागतात. आयुक्तांनी माफी दिली की मगच विवरणपत्र भरावयाचे असते. गावात ज्यांच्याकडे लोक कागद वाचून घ्यावयास येतात, त्या कार्यकर्त्यांना ही वाट ठाऊक असेल तर बुडाले म्हणून सोडून दिलेले पैसेही कित्येकांस परत मिळू शकतील.

भरताना होणाऱ्या चुका

विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील सव्वीस-एएस हा तक्ता व वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावे. कोणी, किती व कोणत्या पॅनवर कर कापला हे त्यात दिसते. सामाईक खात्याच्या बाबतीत येथेच अडचण उद्भवते. सातबारावर चार भावांची नावे, पण धनादेश थोरल्याच्या नावे निघाला व सगळी कपात त्याच्याच पॅनवर दाखविली गेली, तर धाकट्या भावांना आपल्या वाट्याची जमा मागता येत नाही, आणि थोरल्याच्या उत्पन्नात मात्र सर्वांचे व्याज दिसू लागते. वाटण्या झालेल्या असोत वा नसोत, पैसे स्वीकारतानाच प्रत्येकाचा हिस्सा व पॅन कार्यालयास लेखी कळवावा आणि त्याची पोच घ्यावी.

विवरणपत्र पाठविले म्हणजे काम संपले, हा दुसरा गैरसमज. १ ऑगस्ट २०२२ पासून ते पाठविल्यापासून तीस दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते. ती न झाल्यास विवरणपत्र भरलेलेच नाही असे धरले जाते. सेवा केंद्रातील मुलगा पोचपावतीचा कागद हाती देतो, शेतकरी तो घडी करून पेटीत ठेवतो, आणि परतावा का येत नाही याची वर्षभर वाट पाहतो. आधारशी मोबाइल जोडलेला असेल तर सांकेतिक क्रमांकाने पडताळणी तेथल्या तेथे होते. नसेल तर त्या पोचपावतीवर सही करून ती स्पीड पोस्टाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे मुदतीत पोहोचवावी. परतावा ज्या बँक खात्यात यावयाचा ते खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित केलेले असावे व खात्यावरील नाव पॅनवरील नावाशी जुळावे. "बाई" किंवा "राव" एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही परतावा परत गेल्याची उदाहरणे आहेत.

"जास्तीचा परतावा मिळवून देतो, त्यातला ठरावीक हिस्सा द्या," असे म्हणणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. तो न दिलेली देणगी, न भरलेला विमा लिहून आकडा फुगवितो. सही शेतकऱ्याची असते, आणि खोटी माहिती दिल्याबद्दलचा दंड, जो चुकविलेल्या कराच्या दुपटीपर्यंत जातो, तोही शेतकऱ्यालाच भरावा लागतो. सूचना आल्यास ती फेकून न देता तिच्यावरील तारीख पाहावी. पुष्कळ सूचना केवळ आकड्यांतील फरक कळविणाऱ्या असतात व वेळेवर उत्तर दिल्यास तेथेच मिटतात.

मोबदला मिळाल्यावर विवरणपत्र भरण्याआधीच घरातील कर्ता पुरुष वारल्याचे प्रसंगही प्रकल्पग्रस्त कुटुंबांत येतात. अशा वेळी त्याचा पॅन बंद करून टाकण्याची घाई करू नये. कायदेशीर वारसाने मृत्यूचा दाखला, वारसाचे प्रमाणपत्र व दोघांचे पॅन घेऊन संकेतस्थळावर वारस म्हणून नोंद करावी. मृत्यूच्या तारखेपर्यंतचे विवरणपत्र मृताच्या नावे त्यानेच भरावयाचे व परताव्यासाठी स्वतःचे खाते द्यावयाचे असते. या नोंदीला मंजुरी मिळण्यास काही दिवस लागतात, ते शेवटच्या तारखेतून वजा धरूनच कामास लागावे.